आमच्या मिलिंदचा मेनन्द्रोस

प्रश्न : माझी मुलगी अथेन्सला असते, जावई ग्रीक आहे. पहिल्या नातवाला तिकडच्या रीतीप्रमाणे जावयाच्या वडिलांचं नाव दिलं, योर्गोस. आता दुसरा मुलगा झालाय आणि त्याला आईच्या वडिलांचं नाव द्यायचं म्हणतात. माझ्या यजमानांचं नाव मिलिंद. जावई म्हणतो, मिलिंद हे मुळात ग्रीक नाव, मेनन्द्रोस, तेच ठेवू. यजमान हवेत आहेत, मी साशंक. हे खरंच एकच नाव आहे का? अर्थ काय? विहीणबाई म्हणतात, या नावाचा माणूस उभ्या जन्मात भेटला नाही. पोराला लोक हसतील का? भटजी, म्हणजे तिकडचे पाद्री, अडवतील का? आणि मी त्याला हाक कशी मारू? — एक आजी, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमचा जावई गृहपाठ करून बोलतोय. अशा जावयाला दिवाळीला काहीतरी भारी द्या.

यजमानांच्या जहाजावरच्या नोकरीमुळे मी नऊ वर्षं पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, काढली. ग्रीक घरात नाव निवडत नाहीत, ते परत करतात. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, धाकट्याला आईच्या बापाचं. त्यामुळे एका आजोबाचे चार मुलगे असतील तर चारी घरांत एकेक नातू त्याच नावाचा. आमच्या वरच्या मजल्यावर सुट्टीत चुलत भावंडं जमायची, त्यात तीन दिमित्री होते. आजीने गॅलरीतून एक हाक मारली की तीन डोकी वर व्हायची, म्हणून ती पुढे बापाचं नाव जोडायची. २६ ऑक्टोबरला संत दिमित्रीचा दिवस. त्या दिवशी ते घर उघडंच असे. येईल त्याला बशीत चमचाभर मुरंबा, सोबत गार पाणी. तिकडे वाढदिवसापेक्षा या नामदिनाचं कौतुक जास्त.

याच रीतीमुळे ठरावीक नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात: योर्गोस, यानिस, कोस्तास, दिमित्रिस, निकोस. एखादं नाव साखळीतून एकदा निसटलं की परत आत शिरणं कठीण. कुणाच्या आजोबांचं नावच मेनन्द्रोस नसेल, तर नातवाचं कुठून येणार? विहीणबाईंना कुणी भेटलं नाही यात नवल नाही. मलाही नऊ वर्षांत या नावाचा माणूस भेटला नाही. रस्ता मात्र भेटला, त्याचं पुढे सांगते.

आधी अर्थ. नावाचे दोन तुकडे. मागचा 'अंद्रोस' हा 'आनेर', म्हणजे पुरुष, या शब्दातून आलेला. संस्कृतातला 'नृ' किंवा 'नर' त्याचा सख्खा भाऊ. पुढच्या तुकड्याबद्दल दोन मतं आहेत. एक, 'मेनो', म्हणजे टिकून राहणं, पाय न काढणं. दुसरं 'मेनोस', म्हणजे जोम, आवेश. आणि हा 'मेनोस' शब्दशः आपल्या 'मनस्'चा जुळा. मला दुसरं मत आवडतं. कारण तेच दोन तुकडे उलट क्रमाने जोडले की ऋग्वेदातला 'नृमणस्' हा शब्द होतो. यजमानांना हे सांगू नका, आणखी वर जातील.

या नावाचा सगळ्यात गाजलेला माणूस अथेन्सचा नाटककार, इ. स. पूर्व चौथ्या शतकातला. शंभराहून जास्त प्रहसनं लिहिली, नाट्यस्पर्धेत पहिला आला फक्त आठ वेळा. ती नाटकं पुढे हरवली. त्याचं एक जवळजवळ पूर्ण नाटक इजिप्तमधल्या पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर, सापडलं आणि १९५८ साली छापलं गेलं, इ. स. पूर्व ३१६ मध्ये त्याला त्याच नाटकाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. माणूसघाण्या, तिरसट म्हाताऱ्याची गोष्ट आहे, आजही डोंबिवलीच्या कुठल्याही सोसायटीत शोभेल. त्याची सुटी वाक्यं मात्र लोकांच्या तोंडी राहिली. 'वाईट संगत चांगली चाल बिघडवते' हे बायबलात संत पॉलच्या पत्रात आहे, ते मूळ याचं. 'देवांना जो आवडतो तो तरुणपणी जातो' हेही याचंच. आपल्याकडे चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर 'जो आवडतो सर्वांना, तोचि आवडे देवाला' लिहितात, तसं. हा गृहस्थ पिरेयसच्या समुद्रात पोहताना बुडाला असं सांगतात. त्या पाण्याकडे बघत मी कित्येक संध्याकाळी भाजी निवडली आहे.

आता तुमचा मिलिंद. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात पंजाबात मेनन्द्रोस नावाचा यवन, म्हणजे ग्रीक, राजा होता. राजधानी सागल, म्हणजे आजचं पाकिस्तानातलं सियालकोट. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत आहे: 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. त्राता राजा मेनंद्र याचं नाणं, असा सरळ अर्थ. दुसऱ्या एका लेखात 'मिनेद्र' असं रूप आहे, आणि पालीत पोचेपर्यंत 'न'चा 'ल' होऊन झाला 'मिलिंद'. तेव्हा जावयाचं बरोबर. एकच नाव, दोन उच्चार. ही नाणी इतकी चालली की राजा मेल्यावर दोनेकशे वर्षांनीही भडोचच्या बाजारात फिरत होती, असं एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय.

या राजाने भिक्षू नागसेनाला विचारलेले प्रश्न म्हणजे पालीतला 'मिलिंदपञ्ह'. पहिला प्रश्न कोणता? "भदंत, आपलं नाव काय?" नागसेन म्हणतो, मला नागसेन म्हणतात, आईबाप नागसेन ठेवतात, सूरसेन ठेवतात, वीरसेन ठेवतात, पण ती नुसती हाक आहे, आत असा कुणी सापडत नाही. राजा चकित. मग केस म्हणजे नागसेन का, नखं म्हणजे का, दात म्हणजे का, अशी सरबत्ती. त्यावर भिक्षू उलट विचारतो, महाराज, तुम्ही रथातून आलात ना? मग आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? बारशाच्या आदल्या दिवशी नावावरून घरात वाद पेटला तर हे पान मोठ्याने वाचावं.

इथे एक गोम आहे. संस्कृतात 'मिलिंद' म्हणजे भुंगा असाही शब्द आहे, आणि बऱ्याच घरांत हे नाव त्या कमळाभोवतीच्या भुंग्यावरून ठेवलेलं असतं. बऱ्याच घरांत ते राजावरून असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला सुरू केलेल्या कॉलेजचं नाव मिलिंद महाविद्यालय आणि त्या परिसराचं नागसेनवन, हे आठवलं की त्या घरांतला मिलिंद कुठून आला ते वेगळं सांगावं लागत नाही. यजमानांचा मिलिंद कुठला, हे तुमच्या सासूबाईंनाच ठाऊक. भुंग्यावरून असेल तर काटेकोरपणे मधमाशीवरून आलेलं 'मेलिसोस' ठेवावं लागेल. तेही खरं जुनं ग्रीक नाव आहे. पण हा कीस तुम्ही काढू नका.

उलटा व्यवहारही आपल्याकडे झालाय. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी खांब दान दिल्याचे लेख आहेत, आणि त्या यवनांची नावं काय, तर सिहधय, यसवधन. ते आपल्या इकडची नावं घेऊन बसले होते. त्यांचं एक नाव आपल्याकडे राहिलं आणि मूळ देशात दुर्मिळ झालं. ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या जुन्या हजेरीपटात जितके मिलिंद निघतील, तितके मेनन्द्रोस आख्ख्या पिरेयसमध्ये निघणार नाहीत, अशी माझी पैज आहे.

हसण्याचं म्हणाल तर ग्रीकांना जुन्या नावांची सवय आहे. जहाजवाले ओनासिस यांचं पूर्ण नाव अरिस्तोतेलिस सोक्रातिस ओनासिस. सोक्रातिस हे त्यांच्या वडिलांचं नाव. आमचा नळवाला अकिलेआस होता, म्हणजे टाच दुबळी असलेल्या त्या ग्रीक पुराणवीराच्या नावाचा, आणि एका पायाने किंचित लंगडायचा. त्यावरचे विनोद तो स्वतःच करायचा.

पाद्र्यांचा इतिहास मात्र आहे. तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी शिकलेल्या ग्रीकांनी मुलांना थेमिस्तोक्लिस, लेओनिदास अशी नावं ठेवायचा सपाटा लावला, तेव्हा १८१९ साली खुद्द कॉन्स्टँटिनोपलचे धर्मगुरू पाचवे ग्रेगोरिओस यांनी त्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. संतांची सोडून मूर्तिपूजकांची नावं कसली ठेवता, असा राग. आजही एखादे म्हातारे पाद्री कपाळाला आठ्या घालतात. त्यांना शांतपणे सांगायचं, १९ मे. बुर्साचे बिशप पात्रिकिओस यांच्याबरोबर जे हुतात्मे झाले, त्यांत एक मेनन्द्रोस आहे आणि त्यांचा दिवस १९ मे. म्हणजे नातवाला नामदिनही मिळाला. ज्यांच्या नावाचा संत नसतो ते बिचारे 'सर्व संतांच्या' रविवारी सामायिक नामदिन उरकतात.

हाक. पहिल्या 'मे'वर जोर द्या. 'द' म्हणताना जीभ दातांना टेकवून दाबू नका, निसटू द्या. आणि ग्रीकला आपल्यासारखीच संबोधन विभक्ती आहे, शेवटचा 'स' हाकेत गळतो: योर्गोसला 'योर्गो', याला 'मेनन्द्रे'. आपल्या 'अरे' आणि 'ये' यांच्यात सहज बसणारा 'ए' आहे. डोंबिवलीला आला की मिलिंद म्हणा, तो ओ देईल.

राहिला रस्ता. अथेन्सला ओमोनिया चौकाजवळ 'ओदोस मेनन्द्रू' आहे, म्हणजे मेनन्द्रोसचा रस्ता. तिथे पंजाबी, पाकिस्तानी, बांगलादेशी वाण्यांची दुकानं आहेत. अथेन्समध्ये मला तूरडाळ, हिंग आणि कढीपत्ता मिळायचा तो तिथेच. पाट्या उर्दूत, दुकानदार थेट सियालकोटकडचे. मुलीला भेटायला जाल तेव्हा जरूर जा, मात्र पर्स पुढे धरून.

प्रश्न : अलेक्झांडरचा आपल्याकडे 'सिकंदर' कसा झाला? — एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : अरबांमुळे. 'अलेक्झांद्रोस'मधला 'अल' त्यांना आपल्या 'अल-किताब'मधल्या 'अल'सारखा, म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारखा, वाटला. तो सुटा काढला, 'क्स'चा 'स्क' केला, झाला 'इस्कंदर'. फारसीमार्गे आपल्याकडे 'सिकंदर'. त्याआधीची आपली रूपं वेगळी होती. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात याच नावाचा एक दुसरा ग्रीक राजा 'अलिकसुदर' म्हणून येतो, 'अल' शाबूत. आणि वर ज्याचं एवढं रामायण झालं तो मिलिंद राजा आपलं जन्मस्थान सांगतो 'अलसंद'. ते एक अलेक्झांड्रियाच.