रबर नि वॉलपेपरचे दागिने करणाऱ्या आर्टिस्टना सुचतं कुठून, आणि त्यावर करिअर होतं का?

मी स्वतः चांदीत काम करते त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही. प्रेरणा म्हटलं की लोकांना फुलं, पक्षी, समुद्र असलं काहीतरी ऐकायचं असतं. तेही असतंच, रने लालिक या जुन्या फ्रेंच ज्वेलरने चतुर आणि फुलं केलीयत ती बघतच राहावीत अशी आहेत. पण कंटेम्पररी ज्वेलरीवाल्यांना, म्हणजे दागिना हीच कला मानून त्यातून काही म्हणू पाहणाऱ्यांना, बऱ्याचदा दागिन्याबद्दलच काहीतरी खटकलेलं असतं, आणि काम तिथनं सुरू होतं.

ओटो क्युन्झली बघा. १९४८ चा जन्म, स्वित्झर्लंडचा, सोनारकाम शिकलेला, मग जर्मनीत म्युनिकच्या ललित कला अकादमीत हेरमान युंगर या सोनार-प्राध्यापकाच्या हाताखाली. १९८० मध्ये त्याने काळ्या रबराचं एक कडं केलं, एका जागी टम्म फुगलेलं, कारण आत सोन्याची गोळी आहे. ती दिसत नाही! नाव काय तर 'सोनं आंधळं करतं'. घालून घालून रबर झिजलं तरच सोनं दिसणार, म्हणजे खात्री करून घ्यायची तर कडं खराब होऊ द्यायचं. वजन आणि घडणावळ यापलीकडे न बघणाऱ्या गिऱ्हाईकाला याहून खवचट उत्तर मी तरी पाहिलं नाही.

पुढे त्याने फोमच्या ठोकळ्यांवर वॉलपेपर चिकटवून ब्रोच केले. आणि १९८५-८६ ची ती साखळी, ४८ वापरलेल्या लग्नाच्या अंगठ्यांची. अंगठीत अंगठी अडकवायची तर निदान एकाआड एक अंगठी कापून, ओवून, परत झाळावी (डाग देऊन जोडावी) लागते, आणि कुणाची तरी लग्नाची अंगठी करवतीने कापायची म्हणजे काय हे सोनारकामाच्या बेंचवर बसणाऱ्याला विचारा. दिसायला साधी सोन्याची साखळी, पण गळ्यात घालायला माझा हात धजणार नाही.

करिअरचं म्हणाल तर नुसत्या विक्रीवर घर चालणारे फार थोडे. बाकीचे शिकवतात, ऑर्डरी घेतात, गॅलरीचं कमिशन जातं ते वेगळंच. क्युन्झलीसुद्धा १९९१ ते २०१४ त्याच अकादमीत प्रोफेसर होता. म्युनिकमध्ये १९५९ पासून 'श्मुक' नावाचं दागिन्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे निवड झाली की या वर्तुळात लोक नावाने ओळखायला लागतात, पैसे लगेच येतात असं मात्र नाही.

तुम्हाला स्वतःला यात यायचं असेल तर कापणं, झाळणं, खडे बसवणं आधी नीट शिकून घ्या, रबर नि कागद नंतर.