वेल्समधलं गेस्ट घराणं उमराव कसं झालं?

लोखंडामुळे. दक्षिण वेल्समध्ये मर्थर टिडफिलजवळ डाउलाइसचा कारखाना १७५९ मध्ये सुरू झाला आणि १७६७ मध्ये जॉन गेस्ट तिथे व्यवस्थापक म्हणून आला. खरी भरभराट त्याचा नातू जोसाया जॉन याच्या काळातली: १८४५ च्या सुमारास लोखंड गाळणाऱ्या १८ झोतभट्ट्या, सात हजारांवर कामगार, आणि रेल्वेचे रूळ थेट रशियापर्यंत. १८३८ मध्ये त्याला बॅरोनेट हा उमरावाच्या खालचा किताब मिळाला.

माझ्या मते या घराण्यातली सर्वांत कर्तबगार व्यक्ती म्हणजे त्याची पत्नी, लेडी शार्लट. ती वेल्श शिकली, मध्ययुगीन वेल्श कथा इंग्रजीत आणल्या, दहा मुलं सांभाळली आणि १८५२ मध्ये नवरा गेल्यावर कारखान्याचा कारभारही पाहिला. थोरला मुलगा आयव्हर १८८० मध्ये बॅरन विम्बोर्न, म्हणजे उमराव झाला. जीकेएन या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या नावातला ‘जी’ याच गेस्टांचा.