सर्व्हिसला जोडीदार लागत नाही

लेकरा,

परवा लातूरच्या स्टँडवर तू बॅगेतून टेबल टेनिसची बॅट काढून दाखवलीस. रबर कडेला उचकटलेलं, त्यावर चिकटपट्टी, आणि बॅटीच्या डोक्यावर नीटच्या तीन गाईडांचं ओझं. "काका, इथं खेळायला कुणीच नाही. पुण्या-मुंबईच्या पोरी रोज मल्टिबॉल करतात, कोच एकामागून एक चेंडू टाकतो आणि त्या मारत राहतात. सोळावं सरलं, सोडून देऊ का?" तेवढ्यात परभणीची गाडी लागली आणि उत्तर राहिलं.

जोडीदार नाही, हे खरं. आपल्याकडं माझ्या वेळीही नव्हता. पण सर्व्हिसला जोडीदार लागतो का? सगळ्या खेळात हा एकच फटका असा, की त्यात समोरच्याचा हात नसतो.

आपला टेबल टेनिसवाला शरथ कमल, त्याचं नाव काढलं की तू म्हणशील, तो चेन्नईचा, बाप आणि काका दोघंही कोच, जर्मनीत लीग खेळलेला. मला नको सांगूस. पंचवीस वर्षं मीच हे सांगत आलोय. आता माझं ऐक. 2000 साली चेंडू 38 मिलिमीटरचा 40 झाला. 2001 ला गेम 21 गुणांवरून 11 वर आला. 2002 ला नियम निघाला की सर्व्हिस करताना चेंडू समोरच्याला शेवटपर्यंत दिसला पाहिजे. हे तिन्ही बदल त्याच्या वाट्याला आले, तसेच माझ्याही.

माझी सर्व्हिस डाव्या हाताआडची होती. बॅट चेंडूला कुठं लागली ते कुणाला कळायचं नाही, तिच्यावरच मी जिंकायचो. नवा नियम आल्यावर पहिल्याच स्पर्धेत पंचानं तीनदा फॉल्ट दिला. मी भांडलो, बॅट बॅगेत कोंबली आणि बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला. नोकरी लागली, बहिणीचं लग्न उरकलं, घरावर स्लॅब टाकला. यात माझं चुकलं असं कुणी म्हणालं तर मी आजही ऐकून घेणार नाही. पण नवी सर्व्हिस बसवायला किती दिवस लागले असते? तीन महिने? टेबल तर हॉलमध्ये धूळ खात पडलंच होतं. जोडीदार नाही म्हणून सुटलं, असं मी लोकांना सांगतो. सर्व्हिसला जोडीदार लागत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

शरथ 2004 ला अथेन्स ऑलिंपिक खेळला. 2006 ला मेलबर्नला राष्ट्रकुलचं एकेरीचं सुवर्ण, तेव्हा तेवीस वर्षांचा. पुढं बॅटीला रबर चिकटवायचा सोल्युशनवाला ग्लू बंद झाला, सेल्युलॉइडचा चेंडू जाऊन प्लास्टिकचा आला. गड्यानं 2022 ला बर्मिंगहॅमला पुन्हा एकेरीचं सुवर्ण घेतलं, चाळिशी लागल्यावर! श्रीजा अकुलाबरोबर मिश्र दुहेरीचं आणि सांघिक ही आणखी दोन. कमलेश मेहतांची आठ राष्ट्रीय विजेतेपदं होती, यानं दहा केली. आणि तू सोळाव्या वर्षी वयाचं रडगाणं गातेस?

नीट सोड असं मी म्हणत नाही. तुझ्या पप्पांपुढं मला उभं राहायचंय. रोज वीस मिनिटं दे. टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात एक जुनी लग्नपत्रिका ठेव. तळहात उघडा, चेंडू सोळा सेंटिमीटर तरी वर उडव, खाली येताना त्याच्या बुडाशी बॅट घास. पत्रिकेवर टप्पा पडू दे. मग बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी, आणखी वाढव, चेंडू पलीकडं पडून जाळीकडं परत रांगत आला पाहिजे. पहिले आठ दिवस येणार नाही. लाईट गेली तर खिडकी उघड. कुणी विचारलं एकटीच काय करतेस, तर सांग सर्व्हिस करतेय. तिला जोडीदार लागत नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. चेंडूंसाठी प्लास्टिकची बादली घरून आण. रबर मी आणतो, आणि त्याचे पैसे किती झाले ते पप्पांना सांगायचं नाही.

तुझा,
परभणीचा काका