अगं, आधी वजन उचलायला शिक

अगं,

तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी परत वाचला. एचबीए१सी (ती तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ५.९, वजन ५२ किलो, आणि तुझा प्रश्न, "मावशी मी तर बारीक आहे, मला कसं काय?" त्याच्याखाली ती लांबलचक यादी, झुंबा लावू का, योगा लावू का, सोळा तास उपाशी राहू का, का घड्याळ घेऊन रोज दहा हजार पावलं चालू. घाबरलीयस ते कळतंय. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, अजून घरात शिरलेलं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच असेल. तब्येत सांभाळायला हवी वगैरे मी लिहीत बसत नाही, तेवढी अक्कल तुला आहे.

बारीक असण्याचं आधी बोलू. आपल्या पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांनी याच प्रश्नात आयुष्य घातलंय. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले याज्ञिक २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन पळायचे, आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन गाठणं, असं त्यांनी स्वतःच गमतीत लिहून ठेवलंय. म्हणजे काटा काय दाखवतो ते सोड. तुझ्या त्या ५२ किलोत स्नायू किती आहे ते विचार.

कारण जेवल्यावर रक्तात आलेली साखर घेणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. तेच कमी असलं तर साखर जाणार कुठे? आणि कामाला लागलेला स्नायू तर इन्सुलिनची वाट न बघताही साखर ओढून घेतो. म्हणून सांगते, वजन उचल. उपाशी राहून राहून आणखी बारीक झालीस तर चरबीबरोबर स्नायूही जाणार, आणि मग सगळे म्हणणार वा काय मेंटेन केलंयस. डोकं फिरतं माझं हे ऐकलं की.

चालायचं नाही असं मी म्हणत नाहीये. तळजाईवर जा, जेवल्यावर सोसायटीत फेऱ्या मार, चांगलंच आहे. पण ते दहा हजार पावलांचं प्रकरण १९६५ साली जपानमधल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलंय, कुठल्या डॉक्टरने मोजूनमापून दिलेला आकडा नाही तो. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, सांगतं आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम *आणि* निदान दोन दिवस ताकदीचा. आपल्याकडे पहिलं अर्धं वाक्य सगळ्यांना पाठ, दुसरं कुणी ऐकलेलंच नसतं. बायकांनी तर नाहीच नाही. बाईने काय करावं, तर चालावं आणि प्राणायाम करावा. का गं?

आमच्या वेळी हेच झालं. मी शाळेत खोखो खेळायचे, चांगली खेळायचे, पाठलागात कुणी टिकायचं नाही माझ्यापुढे. लग्न झालं आणि मैदान संपलं, कुणी बंदी घातली नाही, नुसतं संपलं. नवऱ्याचं क्रिकेट मात्र पन्नाशीपर्यंत दर रविवारी चालू होतं. त्या मधल्या वर्षांचं मला अजून वाईट वाटतं, कारण तिशीच्या आसपास हाडं सगळ्यात भक्कम असतात, पुढे फक्त उतार, आणि पाळी गेल्यावर तर झपाट्याने. नेमक्या त्या वर्षांत आम्ही दुसऱ्यांचे डबे भरत होतो.

आणि माझी आई. तुला आठवत असेल ती. सत्तरीनंतर सगळ्यांनी मिळून प्रेमाने तिच्या हातातलं काम काढून घेतलं, पाण्याची बादली नको उचलूस, खाली नको बसूस, खुर्ची घे. दोन वर्षांत तिला खुर्चीतून हाताचा रेटा दिल्याशिवाय उठता येईना. मग बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड, ऑपरेशन, आणि नंतर ती आपल्या पायांवर अशी चाललीच नाही. लोक म्हणाले वय झालं होतं. वय कसलं! १९९० मध्ये बोस्टनमध्ये नर्सिंग होममधल्या नव्वदीच्या लोकांकडून आठ आठवडे पायाने वजन उचलून घेतलं होतं, त्यांच्या पायातली ताकद दुपटीच्याही वर गेली. नव्वदीच्या!

म्हणून मी आता या वयात जिममध्ये जाते आणि बार उचलते. सुरुवातीला तिथली पोरं बघायची, ट्रेनर मला गुलाबी रंगाचे एक किलोचे डंबेल आणून द्यायचा. मी म्हटलं बाळा, भरलेला गॅस सिलेंडर तीस किलोच्या आसपास असतो आणि तो मी आयुष्यभर सरकवलाय, हे परत ठेव. नणंद म्हणते पहाटे घर सोडून जाते, नातवाला कोण बघणार. त्याचे आईबाप बघतील. दिवाळीत चकल्या विकत आणल्या तर अजून ऐकवतात. ऐकवू देत. मी स्वार्थी नाहीये, उद्या मला संडासातून उठवायला कुणाला रजा काढावी लागू नये एवढंच बघतेय, आणि याला स्वार्थ म्हणत असतील तर म्हणोत बापडे. असो, तुझं चाललं होतं.

तर वजन उचल. पुरुषी दिसशील ही भीती काढून टाक, मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलोच्या गटात क्लीन अँड जर्कमध्ये ११५ किलो उचलले, बघ तिचा फोटो. तसं दिसायला सुद्धा वर्षानुवर्षं घासावं लागतं, तुझ्यामाझ्याने चुकून होत नाही ते. बैठका, जमिनीवरून वजन उचलणं, ओढणं, ढकलणं, एवढंच. बाकीची चकचकीत मशिनं राहू देत. आठवड्यात दोन दिवस, जमलं तर तीन. वजन हळूहळू वाढवायचं, तेच तेच दोन किलो वर्षभर हलवत बसलीस तर शरीर कशाला बदलेल? पाठ कशी ठेवायची ते नीट शिकवणारा माणूस शोध, आधी डॉक्टरांना विचार, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी परत कर, त्याच्याआधी रोज बोट टोचून जीव घाबरा करू नकोस. खाण्यात सकाळचे नुसते पोहे बंद, बरोबर दोन अंडी घे, नाहीतर पनीर, मोड आलेली मटकी, काहीतरी. आयसीएमआर, म्हणजे आपली सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था, वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन म्हणतं, म्हणजे तुला ४३ ग्रॅम तरी, आणि तुझ्या डब्यातली पोळी-बटाट्याची भाजी मला माहितीये.

हिंजवडीच्या ट्रॅफिकचं कारण मला सांगू नकोस. तू लिहिलंयस वेळ मिळत नाही, आणि त्याच मेसेजमध्ये दोन वेबसिरीजची नावं आहेत.

शनिवारी सकाळी सात वाजता माझ्याकडे ये. ते जाड गुबगुबीत पळायचे बूट नको, सपाट तळाचे आण. आणि तुझ्या आईला घेऊन ये बरोबर. ती म्हणेल गुडघे दुखतात, मला काय करायचंय, तरी आण. तिच्यासाठी खुर्चीवरच्या बैठका आहेत, फिजिओने मला शिकवल्या त्याच.

तुझी मावशी