हिमोफिलिया आहे, मग बीपी कसा काय? वाचकांचे प्रश्न

यावेळी हिमोफिलियावाल्या घरांमधून आलेले प्रश्न घेतोय, आणि बहुतेक सगळे बीपीवरच आहेत. खरं तर ही चांगली खूण आहे. पूर्वी हिमोफिलियाची माणसं साठीपर्यंत पोचायचीच कमी, आता फॅक्टर (गुठळी धरायला लागणारं, हिमोफिलियात कमी पडणारं रक्तातलं प्रथिन, इंजेक्शनने देतात) मिळतो म्हणून पोचतात, आणि मग साठीचे आजार त्यांनाही गाठतात.

प्रश्न: बाबा ६४ वर्षांचे, हिमोफिलिया ए, सिव्हिअर. मानेवाड्याच्या क्लिनिकमधे बीपी १६४/९८ निघाला. काका म्हणतात ज्याचं रक्तच पातळ त्याला बीपी होत नसतो, मशीन खराब असेल. गोळी सुरू करायची का?

काकांना नमस्कार सांगा आणि मशीनला दोष देऊ नका म्हणा. हिमोफिलियात रक्त पातळ नसतं, ए मधे फॅक्टर ८ कमी आणि बी मधे फॅक्टर ९ कमी, म्हणून गुठळी पक्की धरत नाही, एवढंच. बीपी ठरतो तो हृदय किती जोर लावतं, रक्तवाहिन्या किती कडक झाल्यात आणि किडनी मीठ-पाणी कसं सांभाळते यावर. उलट हिमोफिलियाच्या वयस्कर पुरुषांमधे बीपी त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा जास्तच सापडतो. त्याचं एकच कारण हाती लागलेलं नाही, पण लघवीतून वर्षानुवर्षं रक्त जाऊन किडनीवर आलेला ताण, गुडघे गेल्यामुळे बंद झालेलं चालणं आणि त्यातून वाढलेलं वजन, दुखण्याच्या गोळ्या, ह्या सगळ्यांवर संशय आहे.

आणि यांच्या बीपीची मला जास्त काळजी वाटते ती मेंदूतल्या रक्तस्रावामुळे. वाढलेल्या बीपीने मेंदूतली बारीक नळी फुटू शकते, कोणाचीही, पण तुमच्या बाबांचं ते रक्त आपणहून थांबणार नाही. म्हणून "बघू पुढच्या महिन्यात" हे इथे चालत नाही.

एका रीडिंगवर गोळी नको, पण आठवडाभर घरी मोजा. सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, दोन-दोन वेळा. त्याआधी अर्धा तास चहा नाही, आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) तर नाहीच (खर्ऱ्याने बीपी तेवढ्यापुरता चढतो आणि हिरड्यांची वाट लागते ती वेगळी). मशीन दंडाचं घ्या, मनगटाचं नको. ज्या हाताचा कोपर सुजका किंवा वाकडा आहे तो सोडून दुसऱ्या हातावर पट्टा बांधा. पट्ट्याने रक्तस्राव होईल ही भीती बहुतेकांच्या बाबतीत उगाच आहे, पण डाग पडत असेल तर हिमोफिलिया सेंटरवर दाखवा. घरची सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर गोळी लागेल असं समजा. १८०/११० दिसला तर आठवडा मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न: बीपीची गोळी सुरू झाली आणि महिनाभरात दोन्ही घोटे सुजले. ब्लीड (सांध्यात रक्तस्राव) समजून तीनदा फॅक्टर घेतला, काही फरक नाही. सक्करदरा, वय ५९.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलंय, अॅम्लोडिपिन. चांगली गोळी आहे, मीही भरपूर लिहितो, पण घोट्याला सूज आणणं ही तिची जुनी सवय. हिमोफिलियाचा माणूस घोटा सुजला की फॅक्टरकडेच धावणार, त्यात तुमचं काही चुकलं नाही, पण फरक ओळखता येतो बरं. ब्लीड बहुतेक एकाच घोट्यात, आधी मुंग्या किंवा गरम गरम वाटतं, मग दुखतं, पाय हलवता येत नाही. गोळीची सूज दोन्हीकडे सारखी, दुखत नाही, संध्याकाळी जास्त आणि सकाळी कमी, बोटाने दाबलं की खड्डा पडतो. शंका असेल तर सेंटरवर अल्ट्रासाउंडने बघून घेता येतं, आणि किडनी-हृदयाची तपासणीही करून घ्या कारण त्यांच्यामुळेही दोन्ही पाय सुजतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डोस कमी करता येतो किंवा दुसऱ्या गटातली गोळी देता येते.

ह्याच गोळीने काही जणांच्या हिरड्या वाढतात. ब्रश करताना रक्त येणं अचानक वाढलं असेल तर डेंटिस्टला ह्या गोळीचं नाव सांगा. आणि एचआयव्हीची औषधं चालू असतील, जुन्या काळात रक्तातून-प्लाझ्मातून लागण झालेले बरेच जण आहेत, तर तेही बीपीच्या डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, त्यातल्या काही औषधांमुळे अॅम्लोडिपिन अंगात जास्त साठते. लाजू नका.

प्रश्न: गुडघ्यासाठी मेडिकलवाला एक गोळी देतो, मस्त आराम पडतो. बीपीवर चालेल का?

नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन ह्या गोळ्या प्लेटलेटचं काम बिघडवतात, म्हणजे आधीच अर्धवट असलेली गुठळी अजून ढिली, पोटात अल्सर होऊन रक्त जाऊ शकतं, आणि पहिल्या दोन बीपी चढवतात आणि किडनी थकवतात. एका गोळीत इतके तोटे! पॅरासिटामॉल घ्या, लिव्हर खराब असेल तर किती घ्यायची ते विचारून. अॅस्पिरिन हृदयासाठी कोणी लिहिली असेल तर मात्र गोष्ट वेगळी, ती हृदयाचा डॉक्टर आणि हिमोफिलियाचा डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतील. पुड्यांमधली "शंभर टक्के आयुर्वेदिक" औषधं तर घेऊच नका, त्यात कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं निघतं आणि त्यानेही बीपी वाढतो.

प्रश्न: उन्हाळ्यात गोळी घेतली की उठताना चक्कर येते. रात्री लघवीलाही तीनदा उठावं लागतं. वय ७१, हिमोफिलिया बी.

तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तुम्ही पडलात तर काय होईल हे मी वेगळं सांगायला नको. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ वर जातो, घामाने पाणी आणि मीठ दोन्ही जातं, आणि जी गोळी जानेवारीत बरोबर बसत होती तीच आता जास्त होते. त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल तर विचारूच नका, अंधारात, आखडलेल्या गुडघ्यांनी बाथरूम गाठायचं. ही गोळी सकाळी घ्यायची असते, कोणी रात्री सांगितली असेल तर पुन्हा विचारा. बसून बीपी मोजा, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी, वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर हे रीडिंग घेऊन डॉक्टरकडे जा, उन्हाळ्यापुरता डोस बदलता येतो. बाथरूममधे दांडी बसवून घ्या, रात्रभर छोटा दिवा ठेवा, आणि पलंगावरून उठताना आधी पाय खाली सोडून थोडं बसा.

प्रश्न: सावजी पूर्ण बंद का?

तिखटाशी माझं भांडण नाही, मिठाशी आहे. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचाभर. लोणचं, पापड, शेव, तर्रीपोह्यांवरची तर्री ह्यातच ते संपून जातं. सावजी कधीमधी खा, पण त्या दिवशी लोणचं-पापड नाही.

प्रश्न: रात्री अचानक डोकं फार दुखलं तर आधी सीटी स्कॅन की आधी फॅक्टर?

आधी फॅक्टर. नेहमीपेक्षा वेगळं, जोरदार डोकं दुखणं, उलटी, बोलण्यात अडखळणं, एक हात ढिला पडणं, किंवा डोक्याला मार (मग दुखत नसलं तरी), ह्यातलं काहीही असलं की स्कॅनच्या लाइनमधे थांबायच्या आधी फॅक्टर गेला पाहिजे. फॅक्टर ८ चं किलोमागे एक युनिट रक्तातली फॅक्टरची लेव्हल साधारण २ टक्क्यांनी वर नेतं, म्हणून लेव्हल १०० च्या जवळ न्यायला किलोमागे ५० युनिट, ६० किलोच्या माणसाला ३०००. बी वाल्यांना साधारण दुप्पट लागतो. इन्हिबिटर (फॅक्टरला निकामी करणारी, शरीरानेच तयार केलेली अँटिबॉडी) असेल तर औषधच वेगळं, आणि एमिसिझुमॅब (हिमोफिलिया ए मधे रक्तस्राव होऊ नये म्हणून घ्यायचं इंजेक्शन) चालू असेल तर घरात पडलेलं फीबा (इन्हिबिटरवाल्यांचा रक्तस्राव थांबवायचं औषध) मनाने द्यायचं नाही, दोन्ही एकत्र आले तर गुठळ्या होण्याचा धोका असतो. हे सगळं सेंटरच्या डॉक्टरकडून आजच लिहून घ्या.

तो कागद फ्रिजवर चिकटवा आणि एक फोटो मोबाइलमधे ठेवा. आजार, टाइप, इन्हिबिटर आहे की नाही, वजन, बीपीच्या गोळ्या, सेंटरचा फोन. शेवटी मोठ्या अक्षरात लिहा की इंजेक्शन दंडात किंवा कमरेत द्यायचं नाही, कारण रात्रीच्या ड्युटीवरच्या पोराने हिमोफिलियाचा पेशंट आधी पाहिलेला असेलच असं नाही.