‘एक चूक निघाली तर?’ : सहा वर्षं अडलेली रहस्यकादंबरी

रेल्वेतून निवृत्त झालेले साठीचे गृहस्थ मुलीच्या आग्रहाने आमच्याकडे लेखनाचा सल्ला घ्यायला आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पिशवीत अकरा वह्या होत्या. कादंबरी १८९६च्या डिसेंबरातल्या, प्लेगच्या मुंबईतली. गिरगावातल्या एका चाळीत खून होतो आणि तो गाठीच्या तापाने झालेला मृत्यू म्हणून खपवला जातो. कल्पना चांगली होती. पण पहिलं प्रकरण सतरा वेळा लिहिलेलं आणि शेवटचं एकदाही नाही.

“मॅडम, एक चूक निघाली तर लोक फाडून खातील,” ते म्हणाले. “आणि स्वतःच्या पैशाने छापलेलं म्हटलं की आधीच नाक मुरडतात. त्यात चूक म्हणजे संपलंच.”

ऐतिहासिक रहस्य लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळ लोक याच वाक्याशी अडलेले असतात. अशा वेळी ‘घाबरू नका, लिहीत राहा’ म्हणण्याला काही अर्थ नसतो. भीती खोटी नाही. काळाची चूक वाचकाला खरोखरच खटकते, आणि रहस्यकथेत तर एका चुकीने उलगडाच कोसळू शकतो. प्रश्न एवढाच की भीती नेमक्या कुठल्या चुकीची धरायची. या गृहस्थांनी खुन्याच्या पगडीचा घाट ठरवण्यात दोन महिने घालवले होते. पगडीचा खुनाशी काडीचा संबंध नव्हता.

पहिल्या बैठकीत वह्या उघडल्याच नाहीत. खून कोणी, कधी, कसा केला आणि तो कसा पकडला जातो, हे दहा वाक्यांत सांगा म्हटलं. बराच वेळ गप्प बसून त्यांनी सांगितलं. मृत माणूस रेल्वेत बुकिंग क्लार्क. झटापटीत त्याचं खिशातलं घड्याळ नऊला बंद पडतं. संशयित नऊ वाजता देवळात, कीर्तनाला, पन्नास माणसांच्या डोळ्यांसमोर. म्हणजे तो सुटला. पण क्लार्कचं घड्याळ रेल्वेच्या वेळेवर लावलेलं असतं आणि शहर चालतं मुंबईच्या वेळेवर. (थांबलेलं घड्याळ ही युक्ती फार वापरून झालेली आहे, पण दोन वेळांमुळे तिच्यात जीव येतो.)

रेल्वे त्या काळी देशभर मद्रास वेळ पाळत असे. मद्रास वेळ ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं पुढे, मुंबईची स्थानिक वेळ ४ तास ५१ मिनिटं पुढे. फरक अर्ध्या तासाचा. १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही.

मग एक साधी वही आखायला दिली. चार रकाने: तपशील, कोणत्या प्रकरणात येतो, चुकला तर काय पडतं, आधार काय. तिसऱ्या रकान्यावरून प्रत्येक तपशिलाला नाव द्यायचं. चुकला तर उलगडाच पडतो, तो ‘खांब’. चुकला तर काळाचा भास तुटतो, ती ‘भिंत’. चुकला तरी गोष्टीचं काही अडत नाही, तो ‘पडदा’. खांबाला दोन वेगवेगळे आधार हवेत, आणि एकमेकांवरून उतरवलेले दोन आधार हे एकच धरायचे. भिंतीला एक चांगला आधार पुरे. पडद्याला वीस मिनिटं द्यायची. तेवढ्यात मिळालं नाही तर वाक्य मोघम करायचं किंवा काढून टाकायचं. ‘पुणेरी घाटाची लाल पगडी’ऐवजी ‘पगडी’ लिहिली तर कोणी अडवत नाही.

दोन आठवड्यांनी ते वही घेऊन आले. दोनशे चौदा तपशील, त्यांत खांब फक्त नऊ. हा आकडा बघून ते स्वतःच हसले.

त्या नऊतला पहिलाच खांब मोडका निघाला. रेल्वेत आयुष्य गेल्यामुळे दोन वेळांची गोष्ट त्यांना ‘माहीतच’ होती, म्हणून ती कधी तपासलीच नव्हती. त्यांच्या आराखड्यात घड्याळात नऊ म्हणजे शहरात साडेनऊ, त्यामुळे संशयित कीर्तनातून सव्वानऊला उठून जातो. फरक उलटा लावला होता. मद्रास पूर्वेला आहे. तिथे सूर्य आधी उगवतो, म्हणून तिथलं घड्याळ पुढे. घड्याळात नऊ म्हणजे शहरात साडेआठ. तेव्हा खुनी कीर्तनातून लवकर उठत नाही, तो कीर्तनाला धापा टाकत ऐन नऊला पोचतो आणि सगळ्यांना दिसेल असा पुढे जाऊन बसतो. बदल तीन प्रकरणांत करावा लागला, आणि दृश्य आधीपेक्षा चांगलं झालं.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जे ‘शोधलं पाहिजे’ असं वाटतं तिथे लेखक पाच पुस्तकं उघडतो. जे ‘ठाऊकच आहे’ असं वाटतं तिथे चूक आरामात बसलेली असते. खांबांची यादी ठाऊक असलेल्या गोष्टींपासून तपासायला घ्यावी.

आणखी दोन खांब पडले. फौजदार पेल्यावरचे बोटांचे ठसे जुळवून खुनी ओळखतो, असं होतं. कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं तेच १८९७मध्ये. डिसेंबर १८९६मध्ये मुंबईचा फौजदार पेल्यावरचे ठसे जुळवत बसणार नाही. तो धागा कापला आणि त्याच्या जागी विष आलं. सोमल (आर्सेनिक) पोटात गेला की नाही हे ओळखण्याची मार्श यांची रासायनिक कसोटी १८३६पासून उपलब्ध होती, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. आता गळा दाबण्याऐवजी आधी सोमल, मग झटापट. दुसरा खांब चौकशीचा. मसुद्यात फौजदार पंचनामा करून प्रकरण मिटवतो. पुण्यात किंवा साताऱ्यात ते चाललं असतं. मुंबई शहरात संशयास्पद मृत्यूची चौकशी १८७१च्या कायद्याप्रमाणे कॉरोनरकडे जात असे आणि ज्युरी बसत असे. लेखकासाठी ही अडचण नसून देणगीच होती: प्रेत कॉरोनरपर्यंत जाऊ नये म्हणून तर खुन्याला ‘प्लेग’ हा शब्द हवा असतो. कथेला जो हेतू सापडत नव्हता तो एका कायद्यात मिळाला.

भिंतींमध्येही एक मोठी भेग होती. गोरे सैनिक घराघरांत शिरून झडती घेतात, हे दृश्य डिसेंबरात ठेवलं होतं. प्लेगचं निदान मांडवीत डॉ. व्हिएगास यांनी केलं ते सप्टेंबर १८९६मध्ये. पण साथीच्या रोगांचा कायदा आला फेब्रुवारी १८९७मध्ये आणि गॅटेकर यांची प्लेग समिती नेमली गेली मार्चमध्ये. दृश्य सोडवेना, तेव्हा उपाय एकच: कथानक डिसेंबरातून उचलून मार्च १८९७मध्ये ठेवणं. महिना बदलला की तिथी, चांदणं, उकाडा, सण, सगळं बदलतं. म्हणून तारीख पहिल्याच आठवड्यात पक्की करावी आणि रात्रीच्या प्रत्येक प्रसंगापुढे तिथी लिहून ठेवावी. अमावास्येला खुन्याची सावली भिंतीवर पडलेली आम्ही एकापेक्षा जास्त हस्तलिखितांत पाहिली आहे.

भाषेचा प्रश्न त्यांना फार छळत होता. सगळे संवाद जुन्या वळणाचे लिहायचा त्यांचा प्रयत्न होता आणि ते वाचताना धाप लागत होती. निवेदन आजच्या मराठीत चालतं. संवादांत फक्त नंतर जन्मलेले शब्द येऊ द्यायचे नाहीत. १८९७चा शिपाई ‘दिनांक’ म्हणणार नाही, तो ‘तारीख’ म्हणेल. ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘दूरध्वनी’ हे सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आलेले शब्द. शंका आली की मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती पाहावी. ती इंटरनेटवर शोधता येते. शब्द तिथे असेल तर निर्धास्त वापरावा. नसेल तर तो चुकीचा ठरत नाही, पण पर्याय शोधावा.

तिसऱ्या बैठकीला एकही नवं पान नव्हतं. घोड्यांची ट्राम नक्की कुठल्या रस्त्याने जायची हे बघायला ते फोर्टातल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात चार दिवस गेले होते. (विजेची ट्राम १९०७ची. तेवढं माहीत असलं तरी प्रसंग उभा राहतो.) यात आळस नव्हता. संशोधनात काम केल्याचं समाधान मिळतं आणि कोणी नापास करत नाही, म्हणून माणूस तिकडे वळतो. समजावून हे सुटत नाही, वेळापत्रक बांधावं लागतं. ठरलं असं: सकाळी पंचेचाळीस मिनिटं लेखन, वह्या कपाटात बंद. माहिती अडली की तिथे दोन फुल्या मारून पुढे जायचं. अभिलेखागार फक्त बुधवारी, आणि तेही कागदावर लिहिलेला एकच प्रश्न घेऊन. ‘ट्रामबद्दल बघायचंय’ हा प्रश्न नाही. ‘मार्च १८९७मध्ये रात्री नऊनंतर गिरगावातून ट्राम मिळे का?’ हा प्रश्न आहे.

लिहायचं मात्र शेवटाकडून. आधी उलगड्याचं प्रकरण. मग खुनाच्या रात्रीचा तक्ता, साडेसात ते अकरा, पाच-पाच मिनिटांच्या ओळी, प्रत्येक पात्राला एक रकाना आणि वेळेचे रकाने दोन: शहर आणि रेल्वे. त्यानंतर सुगाव्यांची यादी. प्रत्येक महत्त्वाचा सुगावा उलगड्याआधी दोनदा दिसला पाहिजे आणि त्यातला एकदा तरी दुसऱ्याच कारणासाठी. घड्याळाचा सुगावा असा पेरला गेला: दुसऱ्या प्रकरणात क्लार्कची बायको शेजारणीकडे कुरकुरते, “आमच्यांना चाळीआधी भूक लागते. कुणाच्या चुली पेटल्या नाहीत तोवर हे पाटावर!” वाचक हसतो आणि पुढे जातो. सातव्या प्रकरणात क्लार्क बोरीबंदरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवतो. एवढं पुरतं. याहून जास्त सांगितलं तर वाचक खुन्याच्या आधी पोचतो, आणि हे सांगितलंच नाही तर शेवटी फसवल्यासारखं वाटतं.

मसुदा साडेसात महिन्यांत पुरा झाला, सुमारे पंचाहत्तर हजार शब्द. शेवटी दोन पानांची ‘इतिहास किती, कल्पना किती’ अशी टीप जोडली: चाळ आणि देऊळ काल्पनिक, समितीच्या तारखा खऱ्या, एक मोर्चा दोन दिवस अलीकडे आणला आहे. चुका शोधणाऱ्या वाचकाला ही टीप फार शांत करते. लेखकालाही.

मग दुसरी काळजी वर आली. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्या एका ठिकाणाहून त्यांना ‘संपूर्ण पॅकेज’ आलं होतं: पाचशे प्रती, एक लाख चाळीस हजार. त्यांना अपमान वाटत होता तो ‘पैसे देऊन लेखक’ होण्याचा. आम्ही फक्त हिशेब मांडायला सांगितलं. छापील किंमत चारशे. वितरक आणि दुकान मिळून निम्म्यापर्यंत सूट घेतात. हातात दोनशे. पाचशेच्या पाचशे विकल्या तरी एक लाख. म्हणजे पुस्तक पूर्ण यशस्वी झालं तरी चाळीस हजारांचा खड्डा. करारात आणखी तीन गोष्टी होत्या: आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) पॅकेजवाल्यांच्या नावावर, मांडणीच्या फाइली लेखकाला मिळणार नाहीत, आणि उरलेल्या प्रती सहा महिन्यांनी घरी उचलून न्यायच्या. लाज वाटायची असेल तर या कलमांची वाटावी, स्वतः छापण्याची नव्हे.

पॅकेज सोडून त्यांनी कामं वेगळी केली. आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो. छापील प्रत आणि ई-पुस्तक यांना वेगळे क्रमांक लागतात. पैसे खर्च केले ते दोन ठिकाणी: संपादन आणि मुद्रितशोधन, आणि ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांना दिली. डेमी आकार, २८८ पानं, म्हणजे सोळा पानांचे बरोबर अठरा फॉर्मे. २९० झाली असती तर दोन पानांसाठी फॉर्मा वाढला असता. सत्तर जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) नॅचरल शेड कागद, तीनशे जीएसएम कव्हर. कण्याची जाडी छापखान्याकडून मोजून घेतल्यावरच कव्हर पक्कं करायचं, नाहीतर कण्यावरचं नाव पुढच्या बाजूला सरकतं. पहिल्या प्रती डिजिटल छपाईच्या, फक्त शंभर. पाचशेच्या पुढे ऑफसेट परवडतं, पण ते ठरवायला आधी शंभर विकल्या जायला हव्यात.

घोळ झाला तो फाँटमध्ये. मजकूर श्रीलिपी या जुन्या टंकपद्धतीत टाइप करून घेतला होता. युनिकोडमध्ये बदलताना ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र मोडला, रफार शेजारच्या अक्षरावर गेला. वर मांडणीच्या फाँटात ल आणि श हिंदी वळणाचे आले. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या नीट जोडणारा ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ सुरू केला नव्हता, त्यामुळे काही जोडाक्षरं सुटी पडली. हे संगणकाच्या स्क्रीनवर नजरेतून सुटतं, कागदावर काढलेल्या प्रुफात दिसतं. प्रुफं तीन झाली. ई-पुस्तकासाठी पीडीएफ न देता इपब (ई-पुस्तकांसाठीची फाइल) करून घेतली. किंडलवर नव्वद दिवस फक्त तिथेच विकण्याची अट असलेली योजना निवडायची का, हा निर्णय त्यांनी पुढच्या वेळेसाठी ठेवला. लेखकच प्रकाशक असल्याने प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवणं हे काम त्यांचंच होतं, इतर तीन ठरलेल्या ग्रंथालयांनाही. पाच प्रती त्यासाठी बाजूला काढायला सांगितल्या. एक टपालात फाटते.

प्रकाशनानंतर तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. नाशिकहून एका वाचकाचं पत्र होतं: पान ११२वर तुमचा नायक अर्ध्या आण्याचं पोस्टकार्ड घेतो, त्या काळी पोस्टकार्ड पाव आण्याला मिळे, अर्धा आणा पाकिटाला. बरोबर होतं. “मग?” विचारलं. ते म्हणाले, वहीत बघितलं, पडदा आहे. फाइलमध्ये ‘अर्ध्या’चं ‘पाव’ केलं, वाचकाला आभाराचं कार्ड टाकलं आणि पुढच्या पन्नास प्रती छापायला दिल्या.