घागर कोरडी होती

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच वाटलं, हे पाच मिनिटं बोलून भागायचं नाही. म्हणून आज दुपारी जेवणं आटोपल्यावर लिहायला बसले.

तू सांगितलंस ते असं. नववीला कथेचे घटक शिकवलेस. कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, संघर्ष, संवाद, निवेदन, भाषाशैली अशी सात नावं फळ्यावर लिहिलीस, खाली व्याख्या दिल्यास. पोरांनी वहीत उतरवून घेतल्या आणि चाचणीत जशाच्या तशा लिहिल्या. मग पुस्तकाबाहेरची एक गोष्ट वाचून दाखवलीस, यात संघर्ष कुठंय म्हणून विचारलंस, तर सगळा वर्ग माना खाली घालून बसला. तुला वाटतंय पोरं कच्ची आहेत. मला तसं वाटत नाही. त्यांच्या हातात नावं आधी पडली आणि वस्तू मागं राहिली. ज्वारी पोटऱ्यात आली, निसवली, हुरड्यात आली, हे शब्द आपल्याकडच्या पोरांना कोणी व्याख्या देऊन शिकवलेले नसतात. बापाच्या मागं रानात उभं असताना ताटाकडं बघता बघता ते कानावर पडलेले असतात. म्हणून जन्मभर विसरत नाहीत.

घटक शिकवायची माझी एकच रीत आहे, आणि ती मला बऱ्याच उशिरा सापडली. गोष्टीतला एक घटक हलवायचा आणि गोष्टीचं काय होतं ते पोरांना बघू द्यायचं. ओळखा पाहू, असं विचारायचं नाही. हलवून बघा, म्हणायचं.

त्यासाठी गोष्ट लहान हवी, फळ्यावर मावेल एवढी. मी एक रचून ठेवली होती, ती तुला देते:

टँकर आला. पाणी विहिरीत सोडलं. गल्लीतल्या बाया-पोरं घागरी घेऊन विहिरीकडं धावली. आजी ओट्यावर बसून राहिली. शेजारीण जाता जाता म्हणाली, "आजी, घागर कुठंय तुमची?" आजी म्हणाली, "भरलेली हाय." शेजारीण पाणी घेऊन परत आली, पाणी प्यायच्या निमित्तानं आजीच्या घरात गेली. घागर कोरडी होती.

बस, एवढीच. दोनदा मोठ्यानं वाच. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या वाक्याआधी जरा थांब. आपली पोरं लहानपणापासून सप्ताहात कीर्तनाला बसलेली असतात. महाराज कथा ऐन रंगात आणून मध्येच "विठ्ठल विठ्ठल" सुरू करतात, तेव्हा मंडपातल्या माणसांचं काय होतं हे त्यांना तुझ्या-माझ्याहून जास्त कळतं. तू थांबलीस की तीही थांबतील. नाट्यमयता हा शब्द तिथंच उच्चारायचा आणि पुढं जायचं. त्याला वेगळी तासिका लागत नाही.

मग विचार, आजी खोटं का बोलली?

माझ्या वर्गात पहिलं उत्तर आलं, तिला तहानच नव्हती. दुसरं, तिचं शेजारणीशी भांडण होतं. एक जण म्हणाला, आजी चेटकीण आहे. वर्ग हसला. मी हसले नाही, तुझं मत चूक आहे असंही म्हटलं नाही. फक्त म्हटलं, कशावरून? गोष्टीतला शब्द दाखव. त्यानं फळ्याकडं बघितलं, दोनदा वाचलं आणि स्वतःच खाली बसला. हे "कशावरून" तोंडात बसव. गोष्टीत प्रत्येकाला वाटेल ते खरं, असं पोरांना वाटू देऊ नकोस, आणि बाईंच्या मनात आहे तेवढंच खरं, असंही नाही. भांडण म्हणणाऱ्या पोरीला मी तेच विचारलं. ती म्हणाली, भांडण असतं तर शेजारणीनं विचारलंच नसतं. आपलं उत्तर तिनं आपणच मोडलं.

मागच्या बाकावर एक पोरगा होता. हजेरी सोडता त्याचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तिला शेंदवत नसंल. पण सांगायचं नसंल."

शेंदवत नसंल, म्हणजे विहिरीतून पाणी ओढून काढवत नसेल. वर्ग गप्प झाला. मी फळ्यावर एवढंच लिहिलं: आजीला काय हवंय? आड काय येतंय? एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला मान. मग त्याखाली लिहिलं, संघर्ष. तोवर त्या पोरांच्या डोक्यात संघर्ष म्हणजे काठ्या-कुऱ्हाडी किंवा सिनेमातली मारामारी. आजी तर जागची हललीसुद्धा नव्हती.

आता हलवायला लाग. शेवटचं वाक्य उचलून पहिलं कर. "आजीची घागर कोरडी होती. टँकर आला." घटना त्याच, माणसं तीच. पण आता शेजारीण विचारते तेव्हा वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, आणि आजी "भरलेली हाय" म्हणते तिथंच काळजात काहीतरी होतं. आधी धक्का शेवटी होता, आता घोर पहिल्यापासून लागतो. कुठली गोष्ट चांगली, यावर माझ्या वर्गात दोन तट पडले आणि घंटा झाली तरी वाद मिटेना. मी मिटवलाही नाही. घटनाक्रम आणि कथानक यातला फरक त्या दिवशी कोणाला सांगावा लागला नाही.

आणखी एक हलव. गोष्टीत एक वाक्य घाल, "आजी फार स्वाभिमानी होती." पोरं लगेच म्हणतील, आता मजा गेली. का गेली ते त्यांच्याच तोंडून येऊ दे. आपण निबंधात "माझी आई प्रेमळ आहे" लिहायची सवय लावतो आणि मग पात्रचित्रणात त्याच सवयीशी झगडत बसतो.

निवेदनाला मात्र वेळ दे, चांगल्या दोन तासिका. आधी शेजारणीला सांगू दे: "मी पाणी घेऊन आले, म्हटलं आजीकडं घोटभर पाणी प्यावं." मग आजीला सांगू दे. इथं पोरं अडतात, आणि अडलीच पाहिजेत. आजी स्वतः सांगायला लागली की कोरडी घागर लपवायची कशी? तिला तर ते माहीत आहे. कोणी लिहितं, मी घागरीकडं बघितलंच नाही. कोणी लिहितं, मी खोटं बोलले. एकदा एका पोरीनं आजीला वाचणाऱ्याशीही खोटं बोलायला लावलं, शेवटपर्यंत घागर भरलेलीच ठेवली, फक्त रात्री आजी उठून दोनदा ओट्यावर येऊन बसते एवढं लिहिलं. ती वही मी घरी नेऊन माझ्या सासूबाईंना वाचून दाखवली होती. एकच सांभाळ. काही जण "मी घागर बोलतेय" सुरू करतील. तो निबंधातला आत्मवृत्ताचा साचा आहे. घागर बोलायला लागली की माणसं मुकी होतात. त्यांना परत माणसांकडं आण.

याच ठिकाणी मी हत्तीचा दृष्टांत सांगायची. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी सांगितलेला, त्याच पंथातल्या केसोबासांनी 'दृष्टांतपाठ' या ग्रंथात नोंदवलेला. त्या ग्रंथात असे 114 दृष्टांत आहेत. गावात हत्ती येतो, जन्मांध माणसं त्याला चाचपून बघतात. पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान लागला त्याला सुपासारखा. मूळ दृष्टांत परमेश्वराच्या ज्ञानाविषयी आहे, ते पोरांना अवश्य सांग, त्याचा अर्थ बदलू नकोस. पण मग विचार, यातला एकच माणूस गोष्ट सांगायला बसला तर? आणि हे सगळं बघणारा, पूर्ण हत्ती दिसणारा सांगायला बसला तर? प्रथमपुरुषी आणि सर्वज्ञ निवेदक या शब्दांना एवढं चांगलं घर मला दुसरीकडं मिळालं नाही. आणि ते सातशे वर्षांपूर्वीच्या आपल्याच मराठीत आहे. ज्या पैठणला आपली पोरं सहलीला जाऊन धरण बघून येतात, तिथं स्वामींचा वावर होता हेही सांग.

वातावरणनिर्मिती म्हटलं की पोरं "सकाळची प्रसन्न वेळ होती, पक्षी किलबिलाट करत होते" लिहितात. आपल्या गावात मार्च-एप्रिलात काय प्रसन्न असतं ते त्यांना विचार. आजीची गोष्ट उचलून पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर ठेवायला सांग, जिथं नळ सोडला की पाणी येतं. दोन ओळींत गोष्ट कोसळते. मग त्यांना कळतं की टँकर हा गोष्टीच्या मागं टांगलेला पडदा नव्हता. आजीचं खोटं त्याच्यावर उभं होतं.

तुझ्या वर्गातली काही पोरं दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला जातील. चैत्रात परत येतील तेव्हा त्यांचा बुडालेला अभ्यास मोजत बसू नकोस, त्यांना लिहायला बसव. माझ्या एका विद्यार्थिनीला मी सांगितलं होतं, कोपीतल्या (फडावरच्या झोपडीतल्या) पाच वस्तू लिही, उजेड कुठून येतो ते लिही, पायाखाली काय लागतं ते लिही, आणि दुःख हा शब्द कुठं लिहू नकोस. तिनं लिहिलं, पहाटे मोळी डोक्यावर घेतली की पाचटावरचं दव मानेवरून पाठीत उतरतं, आणि आई म्हणते, उतरू दे, थोड्या वेळानं घामच येणार हाय. हे वाचलं त्या दिवशी मला पुढचा पाठ शिकवता आला नाही. शहरातल्या मोठ्या शाळेतल्या पोराला हे दव कुठून मिळणार? तुझ्या वर्गात ते बाकाबाकावर बसलेलं आहे.

संवादाबद्दल माझी स्वतःची चूक सांगते. नोकरीचं तिसरं वर्ष असेल. एका पोरानं गोष्ट लिहिली होती. बाप पोराला म्हणतो, "कामून रडायलास? मपल्या जिवात जीव हाय तवर तुपली शाळा सुटणार न्हाई." मी लाल शाईनं ते खोडलं आणि वर लिहिलं, शुद्ध लिहा. पुढच्या गोष्टीत त्याचा बाप म्हणाला, "बाळा, तू का रडत आहेस? मी तुझे शिक्षण थांबू देणार नाही." एकही चूक नव्हती, आणि त्यात त्याचा बाप कुठंच नव्हता. त्या पोरानं नंतर गोष्ट लिहिली नाही. मी त्याला कधी बोलावून सांगितलंही नाही की चूक माझी होती. "भरलेली हाय" चं "माझी घागर भरलेली आहे" करून बघायला सांग वर्गाला. कान लगेच सांगतील. निवेदन प्रमाण भाषेत लिहायला शिकव, परीक्षेला ते लागतं. पण अवतरणचिन्हाच्या आत ज्याची त्याची भाषा राहू दे.

परीक्षेचं विचारलंस म्हणून. दहावीच्या उपयोजित लेखनात बातमीही आहे आणि कथाही. दोन्ही शेजारी ठेवून शिकव. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ती गाडी जलदूत. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, आणि साधारण 5 लाख लिटर पाणी. बातमीला हे लिटर लागतात, तारीख लागते, ठिकाण लागतं, आणि ते बरोबर असावं लागतं. आता त्याच दिवशीची गोष्ट लिहा म्हटलं की पोरांनी विचारलं पाहिजे, कोणाची? तो प्रश्न पडला की अर्धं काम झालं. मुद्द्यांवरून कथा, शीर्षक, शेवटी तात्पर्य हा नमुना वेगळ्या तासिकेला करून घे आणि मोकळेपणानं सांग की हे परीक्षेसाठी आहे. गोष्टीच्या तासिकेला तात्पर्य लिहायचं नाही, असा वर्गाचा नियम कर. पहिले काही दिवस पोरांचा हात आपोआप तिकडं जाईल. आजीच्या गोष्टीखाली एकानं लिहिलं होतं, "तात्पर्य: खोटे बोलू नये." मी त्याला म्हटलं, हे आजीला जाऊन सांगशील? त्यानं ते स्वतः खोडलं.

प्रश्नही बदल. "पात्रचित्रण म्हणजे काय ते लिहा" याऐवजी चाचणीत विचार, शेजारीण काढून टाकली तर गोष्टीचं काय होईल? तपासायला वेळ जास्त लागेल, हे खरं आहे. एका वेळी एकच तुकडी घे.

भाषाशैली सध्या राहू दे. ती दहावीत बघ.

उद्या सकाळच्या एसटीनं तुझ्या गावचे एक जण इथून निघतायत, त्यांच्याजवळ एक जुनी वही देतेय. शेजारणीनं कोरडी घागर बघितल्यावर पुढं काय केलं, हे माझ्या पोरांनी लिहिलेलं त्यात आहे, सत्तावीस जणांचं. शेंदवत नसंल म्हणणाऱ्या त्या पोराचं चौथ्या पानावर आहे. तुझ्या वर्गाचं लिहून होईपर्यंत ते पान उघडू नकोस.

तुझी,
बाई